मांगलीचा दगड आणि लिंगोचे गाणे

वरोऱ्याच्या उत्तरेला मांगली नावाचे एक लहानसे गाव आहे. चंद्रपूर जिल्ह्याच्या पर्यटन नकाशावर ते सापडणार नाही. ताडोब्याच्या वाटेवरच्या गाड्या तिकडे वळत नाहीत. पण लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या त्रैमासिकात १८५५ साली या गावाचे नाव छापून आले. मांगलीच्या तांबड्या वालुकाश्मात एका प्राण्याची चपटी, रुंद कवटी सापडली होती. ती तपासून तिला ‘ब्रॅकीऑप्स लॅटिसेप्स’ हे नाव दिले रिचर्ड ओवेन यांनी. ‘डायनोसॉर’ हा शब्द जगाला ज्यांनी दिला, तेच हे ओवेन. बेडकांच्या दूरच्या पूर्वजांशी नाते सांगणारा हा जलचर सुमारे पंचवीस कोटी वर्षांपूर्वीचा आहे, असे आज मानले जाते.

ही कवटी लंडनला पाठवणारी माणसे भूवैज्ञानिक नव्हती. रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप आणि रेव्हरंड रॉबर्ट हंटर हे स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे नागपुरातले दोन मिशनरी. बायबल शिकवायला आलेली ही माणसे हातात हातोडा घेऊन भोसल्यांच्या मुलखात हिंडत होती. ज्या ग्रंथाच्या पहिल्याच पानावर सृष्टी सहा दिवसांत घडल्याचे सांगितले आहे तो ग्रंथ एका झोळीत, आणि कोट्यवधी वर्षांची साक्ष देणारे दगड दुसऱ्या झोळीत, अशी ही भटकंती होती. दोन्ही झोळ्यांचे ओझे एकाच खांद्याने कसे पेलले, या प्रश्नाने मला गेली काही वर्षे चांगलेच धरून ठेवले आहे. मी इतिहासाचा माणूस. दगडांविषयी जे काही लिहितो आहे ते जाणकारांकडून शिकून. पण प्रश्न मुळात दगडांचा नाहीच.

हिस्लॉप यांचा जन्म ८ सप्टेंबर १८१७ रोजी स्कॉटलंडमधल्या डन्स या गावी झाला. वडील गवंडी, शिवाय चर्चमधले वडीलधारे. १८४३ साली स्कॉटलंडच्या राजमान्य चर्चमध्ये मोठी फूट पडली. पाद्री नेमण्याचा हक्क जमीनदाराचा की मंडळीचा, या वादावरून शेकडो पाद्री आपली घरे आणि वेतने सोडून बाहेर पडले आणि त्यांनी फ्री चर्च उभारले. हिस्लॉप त्यांच्यासोबत गेले. पुढच्याच वर्षी विवाह करून ते हिंदुस्थानला निघाले, डिसेंबर १८४४ मध्ये मुंबईस उतरले आणि १८४५ च्या आरंभी नागपुरात पोचले. मराठी शिकले, १८४६ साली शाळा काढली. त्या कामाच्या परंपरेतून १८८३ साली उभे राहिलेले महाविद्यालय आजही त्यांच्याच नावाने चालते. विदर्भातल्या कित्येक घरांत ‘हिस्लॉपला शिकलो’ असे अभिमानाने सांगितले जाते; हिस्लॉप कोण, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही.

त्या काळचे मिशनरी विज्ञानाकडे कसे पाहत होते, हे आधी समजून घ्यायला हवे. कलकत्त्यात अलेक्झांडर डफ यांनी १८३० पासून एक धोरण रूढ केले होते: हिंदू मुलांना पाश्चात्त्य भूगोल, खगोल, पदार्थविज्ञान शिकवा, मेरुपर्वत आणि दुधाचे समुद्र आपोआप कोसळतील, आणि त्या पडझडीत ख्रिस्ती सत्याला वाट मिळेल. मुंबईत जॉन विल्सन आणि मोरभट दांडेकर यांचा वाद १८३०च्या दशकात गाजला. १८५७ साली विष्णुबुवा ब्रह्मचारी मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर पाद्र्यांशी खंडनमंडन करीत होते. या सगळ्या वादांत विज्ञान हे पाद्र्यांच्या हातातले शस्त्र होते. पुराणातले भूगोल खोटे, म्हणून पुराण खोटे, असा तो सरळ हिशेब.

परंतु शस्त्राला दोन धारा असतात आणि भूविज्ञानाची दुसरी धार बायबलवरच येत होती. सतराव्या शतकात आर्चबिशप जेम्स अशर यांनी बायबलमधल्या वंशावळी जुळवून सृष्टीचा आरंभ इसवी सनापूर्वी ४००४ मध्ये ठरवला होता. इंग्रजी बायबलांच्या समासात ही साले छापली जात. म्हणजे जगाचे वय सहा हजार वर्षांच्या आत. उलट, ज्यांना खोटे पाडायचे त्या पुराणांत ब्रह्मदेवाचा एक दिवस ४३२ कोटी वर्षांचा. कोट्यवधी वर्षांचा काळ ऐकून नागपुरातल्या पाठशाळेतला पंडित दचकला नसता. दचकायचे ते पाद्र्याने. (पृथ्वीचे आजचे मान्य वय सुमारे ४५४ कोटी वर्षे आहे. आकडे जवळपास आले म्हणून ‘आमच्या पूर्वजांना ठाऊकच होते’ म्हणत पाठ थोपटून घेणाऱ्यांची हल्ली कमतरता नाही. पुराणकारांनी तो आकडा दगड फोडून काढला नव्हता, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे.)

मग हिस्लॉप का दचकले नाहीत? याचे उत्तर नागपुरात नाही, एडिंबरोमध्ये आहे. फ्री चर्चचे आद्य नेते थॉमस चामर्स यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच एक तोड काढून ठेवली होती. उत्पत्तीच्या पहिल्या वचनात देवाने आकाश व पृथ्वी निर्माण केली असे म्हटले आहे; दुसऱ्यात पृथ्वी ओसाड व शून्य असल्याचे. या दोन वचनांच्या मध्ये किती काळ गेला, हे ग्रंथ सांगत नाही. चामर्स म्हणाले, भूवैज्ञानिकांना हवी तेवढी युगे या फटीत बसवता येतील. त्याच चर्चचे वृत्तपत्र चालवणारा ह्यू मिलर हाही मूळचा दगड फोडणारा गवंडी. माशांचे जीवाश्म शोधता शोधता लेखक झालेला. त्याला फटीची तोड पुरेशी वाटली नाही. १८५७ साली, त्याच्या मृत्यूनंतर निघालेल्या ‘दगडांची साक्ष’ या पुस्तकात त्याने ‘दिवस’ या शब्दाचाच अर्थ मोकळा केला: उत्पत्तीतला एकेक दिवस म्हणजे एकेक दीर्घ युग.

आपल्याला आज या दोन्ही तोडी ओढूनताणून केलेल्या वाटतील. मला स्वतःला त्यांत एक प्रामाणिकपणा दिसतो. दगड खोटे बोलत नाहीत हे या लोकांनी आधी कबूल केले, मग ग्रंथ पुन्हा वाचायला घेतला. क्रम महत्त्वाचा आहे. दगडही देवाचेच लेखन, ग्रंथही देवाचाच. दोघांत विरोध दिसला तर आपले वाचन चुकले, ही ती भूमिका. अशा मंडळीत वाढलेल्या माणसाला मांगलीची कवटी पाहून घाम फुटण्याचे कारण नव्हते.

हिस्लॉप यांचे निरीक्षण किती धीराचे होते हे टाकळीच्या उदाहरणावरून कळते. आज नागपूर शहरात बुडून गेलेली टाकळी तेव्हा गावाबाहेर होती. तिथल्या टेकडीवर काळ्या बेसॉल्टच्या दोन थरांच्या मधोमध एक पातळ, वेगळ्याच रंगाचा थर हंटर आणि हिस्लॉप यांना दिसला. त्यात गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचे शंख होते, फळांच्या बिया होत्या, लाकडाचे तुकडे होते. या एका पातळ थराचा अर्थ किती मोठा, पाहा. आधी लाव्हा वाहिला. तो निवला. त्यावर पाणी साचून तळे झाले. तळ्यात गोगलगायी वाढल्या, काठाला झाडे आली, फळे पाण्यात गळून पडली, गाळ साचला. आणि मग पुन्हा लाव्हा आला व सगळे झाकून गेला. हे एका दिवसात होत नाही, नोहाच्या एका पुरातही होत नाही. या थरांवर हिस्लॉप यांनी १८६० साली सविस्तर निबंध लिहिला. त्यातल्या शंखांची वर्णने आजही अभ्यासक उघडून पाहतात. थरांचे वय त्यांनी मानले त्याहून जुने ठरले, डायनोसॉर संपण्याच्या काळाच्या आसपासचे. परंतु थरांचा परस्परांशी लावलेला क्रम टिकला.

इथे थोडे थांबून दक्षिणेकडे, आजच्या गडचिरोली जिल्ह्याच्या पार टोकाला जायला हवे. वर्धा आणि वैनगंगा मिळून प्राणहिता होते आणि सिरोंच्यापाशी ती गोदावरीला मिळते. प्राणहितेच्या डाव्या तीरावर कोटा नावाचे गाव आहे. तिथल्या चुनखडकात चकचकीत खवल्यांचे मासे दगड होऊन बसले आहेत. हिस्लॉप यांच्या आधीच ते मासे लंडनला पोचले होते, आणि पोचवणारे होते कर्नल साइक्स. दख्खनच्या शेतीची, पक्ष्यांची, माशांची मोजदाद करणारे म्हणून मराठी अभ्यासकांना ते ठाऊक आहेत. नदीपलीकडे, आता तेलंगणात असलेल्या मलेडीच्या लाल मातीत एका फुप्फुसधारी माशाचे दात मिळाले. १८५९ साली थॉमस ओल्डहॅम यांनी त्या माशाला ‘सेराटोडस हिस्लॉपियानस’ असे नाव दिले. तो मासा जगातून कधीच नाहीसा झाला, अशी सर्वांची खात्री होती. १८७० साली ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंडच्या नदीत त्याच्या कुळातला जिवंत मासा निघाला. ते पाहायला हिस्लॉप राहिले नव्हते.

मी सिरोंच्याला गेलो होतो तेव्हा वडधमच्या जीवाश्म उद्यानात दगड झालेली झाडांची खोडे पाहिली. सालीच्या रेषा शाबूत आहेत. हात लावला तर थंड लागतो आणि मग लक्षात येते की हे लाकूड नव्हे. बरोबरचा तरुण तेलुगू, मराठी आणि गोंडी या तिन्ही भाषा सारख्याच सहजतेने बोलत होता. ‘हे झाड आपल्या देवांच्या आधीचे की नंतरचे?’ असे त्याने मला विचारले. प्रश्न थट्टेचा नव्हता. मी त्याला कोट्यवधी वर्षांचा हिशेब सांगितला. त्याने ऐकून घेतला आणि म्हणाला, ‘म्हणजे आधीचे.’ आणि पुढे चालू लागला.

त्याच्या या प्रश्नापाशीच हिस्लॉप यांच्या कामाचा दुसरा, मला अधिक गुंतागुंतीचा वाटणारा भाग सुरू होतो. दगड गोळा करता करता ते गोंड वस्त्यांत जात, शब्द लिहून घेत, देवांची नावे, लग्नाच्या आणि मृत्यूच्या रीती टिपून ठेवत. गोंडांसाठी मिशन काढायचा एक प्रयत्न आधी जर्मन कारागीर-मिशनऱ्यांनी अमरकंटकाच्या बाजूला केला होता. कॉलऱ्याने त्यांतले बहुतेक मेले आणि तो मोडला. हिस्लॉप यांना गोंडांविषयी आस्था होती. त्यांचे धर्मांतर व्हावे ही इच्छाही होती. दोन्ही गोष्टी एकाच मनात होत्या आणि त्यांतली एक झाकून दुसरी सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. त्यांच्या मृत्यूनंतर हे कागद मध्य प्रांताचे चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल यांनी संपादून १८६६ साली प्रसिद्ध केले. त्यातला सर्वांत मोलाचा ऐवज म्हणजे लिंगोचे गाणे. प्रधान हे गोंडांचे पिढीजात गाणारे. त्यांच्या परंपरेतले हे दीर्घ कथागीत मूळ गोंडीत, रोमन अक्षरांत आणि इंग्रजी अर्थासह तिथे प्रथम छापले गेले.

कथा थोडक्यात अशी. गोंड जन्माला आले, पण त्यांच्या वागण्याने महादेव रुष्ट झाले आणि त्यांनी बहुतेकांना डोंगराच्या गुहेत कोंडून तोंडावर शिळा लावली. चार भाऊ तेवढे सुटले. त्यांना लिंगो भेटला. त्याने शेती, शिकार, अग्नी यांचे ज्ञान दिले. पुढे त्या भावांच्या बायकांनी लिंगोवर खोटा आळ घेतला आणि भावांनी त्याला मारून टाकले. देवाने कावळ्याकरवी अमृत पाठवले, लिंगो जिवंत झाला. ज्यांनी मारले त्यांना सोडून तो कोंडलेल्यांच्या शोधात गेला; महाकाय पक्ष्याच्या पिलांना खाणाऱ्या सर्पाला ठार करून, महादेवांची अट पुरी करून त्याने गोंडांना सोडवले. मग पूर आला. नदी ओलांडताना मगरीने दगा दिला, कासवाने पाठीवर घेऊन तारले. पलीकडे पोचल्यावर लिंगोने कुळे वाटून दिली, देव नेमून दिले.

ज्यांची सुटका करायची त्यांच्याच भाऊबंदांकडून मारला जाणारा, पुन्हा जिवंत होणारा, दारावरची शिळा हटवणारा तारक. बायबल ज्याला तोंडपाठ आहे अशा माणसाने ही कथा ऐकताना काय वाटून घेतले असेल, याची कल्पना करायला फार कष्ट पडत नाहीत. कथा लिहून घेण्यातली त्यांची निष्ठा छापील पानांवर दिसते. शब्दाला शब्द ठेवून अर्थ दिला आहे.

पण या गाण्याच्या वाट्याला जे आले ते दगडांच्या वाट्याला आले नव्हते. दगडाला विचारले गेले: तू किती जुना? गाण्याला विचारले गेले: तुझ्यात अस्सल किती आणि हिंदू पुराणांची भेसळ किती? महादेव कुठून आले, अमृत कुणाचे, पूर कुणाच्या गोष्टीतला? हा प्रश्न गैर नाही. पुढच्या अभ्यासकांनी तो विचारला. फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांनी विसाव्या शतकात आदिलाबादच्या राजगोंडांमध्ये राहून याच कथेची वेगळी रूपे नोंदवली, तेव्हा तर हिस्लॉप यांचा पाठ हा अनेकांपैकी एक आहे हे उघडच झाले. खटकते ते दुसरेच. हाच प्रश्न बायबलला विचारायची मुभा त्या काळी कोणाला होती?

हिस्लॉप लिंगोचे गाणे जुळवीत होते त्याच वर्षांत दक्षिण आफ्रिकेत नाताळचे बिशप कोलेन्झो झुलू भाषेत बायबल उतरवत होते. नोहाच्या पुराची गोष्ट सांगताना त्यांच्या झुलू सहकाऱ्याने विचारले, हे सगळे खरेच घडले का? सगळे प्राणी, गरम देशांतले आणि थंड देशांतले, एका तारवात? कोलेन्झोंना खोटे बोलवेना. १८६२ पासून त्यांनी बायबलच्या पहिल्या पाच ग्रंथांची चिकित्सा छापायला सुरुवात केली आणि १८६३ च्या अखेरीस त्यांना पाखंडी ठरवून पदावरून काढल्याचा निकाल दिला गेला. झुलू माणसाच्या साध्या प्रश्नाने एक बिशप हलला. गोंडांच्या पुराने नागपुरात असे काही घडवले नाही.

आणि हिस्लॉप यांचे स्वतःचे फ्री चर्च? चामर्सची फट आणि मिलरची युगे पचवलेल्या या मंडळीने पुढे आपल्याच एका विद्वानाला, विल्यम रॉबर्टसन स्मिथला, ‘एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिका’तल्या ‘बायबल’ या नोंदीवरून चौकशीत ओढले. मोशेच्या नावावरचे ग्रंथ वेगवेगळ्या काळांतल्या अनेक हातांचे आहेत, एवढेच त्याने मांडले होते. १८८१ साली अबर्डीनमधली त्याची प्राध्यापकी गेली. गोंडी गाण्यातले थर सुटे करणे हे विद्वत्तेचे काम. हिब्रू ग्रंथातले थर सुटे करणे हा अपराध. टाकळीच्या टेकडीवर थरांचा क्रम वाचणारी हीच परंपरा होती, म्हणून हे अधिक टोचते. ख्रिस्ती धर्मविचार आधुनिक विचारापुढे हरला किंवा जिंकला, अशी सरसकट भाषा म्हणूनच मला मान्य नाही. तो भूविज्ञानाशी मोकळेपणाने बोलला, ग्रंथचिकित्सेशी अडखळत बोलला, आणि लिंगोशी बोलायचे राहूनच गेले.

दगडांचे वाचन तरी निरागस होते का? हिस्लॉप यांच्या १८६१ सालच्या निबंधाच्या शीर्षकातच वालुकाश्माबरोबर कोळसा आहे. कामठी-सिलेवाड्याच्या दगडांतली ‘ग्लॉसॉप्टेरिस’ची जिभेसारखी पाने त्यांनी लंडनला पाठवली, चार्ल्स बनबरी यांनी त्यांचे वर्णन केले. ही पाने ज्या खडकांत, त्या खडकांच्या सोबतीने कोळसा, हे नाते उमरेठ, बर्दवान आणि नागपूर यांच्या थरांची तुलना करून हिस्लॉप मांडत होते. १८७०च्या दशकात वरोऱ्याला कोळशाची खाण सुरू झाली. त्याच दशकात या साऱ्या थरांना ‘गोंडवन’ हे नाव मिळाले: मेडलिकट यांनी सुचवलेले, फाइस्टमांटेल यांनी छापलेले. १८८५ साली एडुआर्ट झ्यूस यांनी त्यावरून एका लुप्त महाखंडाला ‘गोंडवनलँड’ म्हटले. आज जगातल्या प्रत्येक भूगोलाच्या पुस्तकात गोंडांचे नाव आहे आणि चंद्रपूरच्या खाणींच्या कडेला गोंडांची गावे आहेत. या दोन वाक्यांत मी ‘परंतु’ घालत नाही.

हिस्लॉप यांचा शेवटही दगडांपाशीच झाला. नागपूरच्या दक्षिणेला टाकळघाटला प्राचीन शिळावर्तुळे आहेत. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टेंपल यांच्यासोबत ती पाहून, तिथल्या शाळेतल्या मुलांची परीक्षा घेऊन हिस्लॉप अंधार पडल्यावर घोड्यावरून एकटे परत निघाले. बोरीजवळच्या ओढ्याला पूर आला होता. घोडा मुक्कामी परतला, स्वार आला नाही. शेहेचाळीसावा वाढदिवस चार दिवसांवर होता. ती शिळावर्तुळे ही माणसे पुरण्याच्या जागा आहेत आणि ती लोहयुगातली आहेत, हे शंभरेक वर्षांनी शां. भा. देव यांच्या उत्खननाने नीट कळले.

लिंगोचे गाणे मात्र त्या कागदांत राहिले नाही. नागपूरचे मोतीरावण कंगाली यांनी ‘पारी कुपार लिंगो गोंडी पुनेम दर्शन’ लिहून लिंगोला मिशनऱ्याच्या नोंदवहीतून आणि पुराणांच्या सावलीतून बाहेर काढले. लिंगो हा कथेतला नायक नसून गोंडी धर्माचा संस्थापक आहे, अशी त्यांची मांडणी. तिच्यातल्या ऐतिहासिक दाव्यांपैकी काहींवर माझे मतभेद आहेत. पण शतकभर ज्यांच्या गाण्याला बाहेरच्यांनी प्रश्न विचारले, त्यांनी आता स्वतः उत्तर द्यायला घेतले, ही घटना मी मोठी मानतो. गडचिरोलीत कोया पुनेमच्या मेळाव्यांना येणाऱ्या मुलामुलींशी बोललो, तर त्यांना हिस्लॉप ठाऊक नसतो, लिंगो असतो.

प्राणहिता-गोदावरीच्या खोऱ्यातल्या कोटा थरांमधून २००० साली एका ज्युरासिक कासवाचे वर्णन प्रसिद्ध झाले. त्याचे नाव ‘इंडोकेलिस’. भारतातले त्या काळातले पहिले कासव. लिंगोला पाठीवर घेऊन पुराच्या पलीकडे नेणाऱ्या कासवाला गोंडांतली काही कुळे आजही मारत नाहीत. सिरोंच्याच्या त्या तरुणाला मी हे फोनवर सांगितले. तो हसला आणि म्हणाला, ‘मग ते होतेच की इथे.’